ट्रीझेन : राणी फीड्राचें गांव

अथेन्सच्या पिरीअस बंदरांतून आगबोटीनें पोरोस बेटावर उतरावें, समोरची अरुंद सामुद्रधुनी होडीनें ओलांडावी, म्हणजे ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या भूमीवर पाऊल पडतें. तेथून लिंबांच्या बागांच्या प्रदेशांतून जाणारा रस्ता प्रवाशास ट्रीझेन या लहानशा गांवीं नेतो. प्राचीन नगराचे भग्नावशेष जवळच विखुरलेले आहेत. राणी फीड्राची करुण कथा घडली ती याच स्थळीं, असें ग्रीक लोक मानीत.

फीड्रा ही क्रीटचा राजा मिनॉस याची कन्या व अथेन्सचा राजा थीसिअस याची पत्नी. राजाचा पहिला पुत्र हिपोलिटस मृगयादेवी आर्टेमिसचा उपासक असून स्त्रीसंगापासून दूर राही. या उपेक्षेनें प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी संतापली, आणि त्याचा सूड घेण्यास तिनें साधन केलें तें बिचाऱ्या फीड्राला! सावत्र मातेच्या मनांत पुत्राविषयीं अभिलाष उत्पन्न झाला.

इ. स. पू. ४२८ मध्यें युरिपिडीज नाटककारास या कथेवरील नाटकाबद्दल प्रथम पारितोषिक मिळालें. त्यांतील राणी पापाचा उच्चार करण्यापेक्षां अन्नत्याग करून मरणें बरें, असा निश्चय करते. परंतु दाई तिचें गुपित काढून घेते व हिपोलिटसास शपथ घालून सांगते. तो धिक्कार करतांच राणी गळफास घेते. मात्र लोकापवादाच्या भीतीनें त्याच्यावरच खोटा आरोप लिहून ठेवते. थीसिअस कसलीहि चौकशी न करतां पुत्रास शाप देतो. शपथबद्ध पुत्र खरें तें सांगत नाहीं. समुद्रांतून निघालेल्या वृषभास पाहून त्याचे घोडे उधळतात आणि तो फरफटत जातो. सत्य उघडकीस येतें तेव्हां तो मरणोन्मुख असतो. तरीहि पित्यास क्षमा करतो.

आपणांस येथें अशोकाची राणी तिष्यरक्षिता व राजपुत्र कुणाल यांची कथा आठवेल. परंतु तिष्यरक्षितेनें आपली वासना स्वमुखानें बोलून दाखविली. फीड्रा प्रथम स्वतःशींच झगडली.

त्या झगड्याची खूण ट्रीझेनकरांनीं जपली होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील प्रवासी पॉसेनिअस लिहितो कीं, हिपोलिटसच्या क्रीडांगणाच्या वरच्या बाजूस ॲफ्रोडाइटीचें मंदिर होतें. तेथून राणी त्याला व्यायाम करतांना पाही. जवळच्या मर्टलच्या, म्हणजे विलायती मेंदीच्या, झाडाचीं पानें भोंकें पडलेलीं होतीं. मनाची तळमळ असह्य होई तेव्हां ती तीं पानें टोंचीत बसे, असें लोक सांगत.

विवाहापूर्वीं येथील कुमारिका आपल्या केसांची बट हिपोलिटसास अर्पण करीत. फीड्राची समाधीहि त्याच्या समाधीपासून दूर नव्हती. तिच्या खोट्या लेखाचें समर्थन कोणी करणार नाहीं. परंतु मनांत उठलेल्या विकाराशीं ती एकटीच झुंजली, आणि घरच्या कर्त्या पुरुषानें दुसरी बाजू ऐकण्यापूर्वींच शाप उच्चारला, हेंहि विसरतां येत नाहीं. दोघांस शेजारीं विसावा देणाऱ्या त्या गांवानें न्यायाबरोबर दयाहि ओळखली होती.