तेलाचा वाफसा

दहा फ्रेमचा एक डाव घ्या. दर फ्रेमला पहिल्या बॉलवर नऊ पिना पडल्या आणि उरलेली एक दर वेळी हुकली, तर गुण होतात 90. तीच पिन दर वेळी दुसऱ्या बॉलवर टिपली आणि अखेरच्या जादा बॉलवर पुन्हा नऊ पाडल्या, तर होतात 190. टेनपिन बोलिंगमधली माझी सगळी वर्षं या शंभर गुणांच्या मागे गेली, आणि ती तशी गेली याचा मला आनंद आहे.

मी जालन्याचा. बियाणं, लोखंडी सळ्या आणि मोसंबी यांचं हे गाव. इथं पोराच्या हातात बॉल दिसला की तो क्रिकेटचाच. याच गावच्या विजय झोलनं 2014 मध्ये 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं, तेव्हा आमची छाती फुगली होती. बोलिंगची लेन मात्र मी पहिल्यांदा पाहिली ती मुंबईत, लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात. बाकीचे हसत-खिदळत बॉल सोडत होते. माझी नजर त्या चकचकीत लाकडावर खिळली, ती आजही हटलेली नाही.

फाउल लाइनपासून पहिली पिन 60 फुटांवर. लेनच्या रुंदीत 39 पट्ट्या. बॉल जास्तीत जास्त 16 पौंडांचा, आणि तो सुमारे अडीच सेकंदांत पिनांपर्यंत पोचतो. नेमक्या जागी, किंचित तिरपा शिरला तर तो स्वतः फक्त चारच पिनांना शिवतो: पहिली, तिसरी, पाचवी, नववी. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. म्हणून दांडगाईनं फेकणाऱ्याच्या काही पिना पुष्कळदा उभ्याच राहतात, आणि हलक्या हातानं कोन साधणारा लेन साफ करून मागे वळतो.

खरा खेळ तेलाचा. लेनच्या सुरुवातीच्या साधारण चाळीस फुटांवर यंत्रानं तेलाचा पातळ थर देतात. तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तेलावर बॉल घसरतो, तेल संपलं की पकड घेऊन वळतो. मॉलमध्ये मधे तेल दाट आणि कडेला विरळ ठेवतात, त्यामुळे थोडा चुकलेला बॉलही सावरला जातो. स्पर्धेत ही माया नसते. तिथं तेल जवळपास सारखं पसरलेलं असतं आणि दोन पट्ट्या इकडेतिकडे झाल्या की डाव हातचा जातो. त्यात दर बॉल थोडं तेल पुसून नेतो. सकाळची रेघ दुपारी चालत नाही. आमच्याकडे पेरणीआधी शेतकरी रानात पाय ठेवून वाफसा आला का ते बघतो. काळी माती वरून सुकलेली दिसली तरी तो फसत नाही. तेल मी तसं वाचतो, बॉलच्या वळणावरून. वळण हातभर आधी आलं की समजायचं, तेल उडालं. पाय डावीकडे सरकवायचे. हे कळायला सरावाशिवाय दुसरा मार्ग मला सापडला नाही.

उजव्या हाताच्या खेळाडूचा जुना वैरी म्हणजे उजव्या कोपऱ्यातली दहावी पिन. बॉल उत्तम पडतो, टाळीचा आवाज होतो, आणि ती एकटी उभी. तिच्यासाठी वेगळा बॉल लागतो, पॉलिस्टरचा, जो तेलाकडे लक्ष न देता सरळ जातो. डावीकडे उभं राहून लेन तिरकी ओलांडायची. मी सरावाचा निम्म्याहून जास्त वेळ या एका पिनेला दिला. अमेरिकेच्या वॉल्टर रे विल्यम्सनं व्यावसायिक दौऱ्यावर 47 विजेतेपदं मिळवली. खुंटीवर घोड्याचा नाल फेकण्याच्या खेळातही तो अनेकदा जगज्जेता होता. नेम हीच त्याची दौलत, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो.

पैशांचं बोलायचं तर अमेरिकेच्याच अर्ल अँथनीनं 1975 मध्येच एका मोसमात एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला होता. आपल्याकडचं गणित निराळं. हा खेळ 1978 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आला, पण 1982 मध्ये स्पर्धा दिल्लीत भरली तेव्हा नेमका नव्हता. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनापुरता खेळला गेला आणि पुढे पदकांच्या यादीत शिरलाच नाही. तामिळनाडूच्या शब्बीर धनकोट यांच्यासारखे राष्ट्रीय विजेते तरीही घडले, याचं मला फार अप्रूप आहे. मी नोकरी सांभाळून खेळलो. जालन्याला घरी आलो की परतताना देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली बॉलची जड बॅग असायची आणि शेजारचे विचारायचे, यात काय हो? मी चेन उघडून दाखवायचो. लहान मुलं भोकांत बोटं घालून बघत.

त्यातल्या एखाद्याला हा खेळ खरोखर खेळावासा वाटला, तर त्याच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे: पहिला बॉल पॉलिस्टरचा घ्या, त्याच्या हाताच्या मापानं भोकं पाडून. वळणारा बॉल वर्षभरानं घेतला तरी चालेल.