चित्रांची पाठशाळा

देवालयें पाहून पाय थकले होते. तरी ओसाकास नोकरीनिमित्त राहणारे आमचे चिरंजीव आम्हांस क्योतो शहरांतील एका जुन्या शाळेंत घेऊन गेले. शाळा म्हटली कीं आमचा शीण उतरतो, हें त्यांस ठाऊक! तात्सुइके नांवाची ही प्राथमिक शाळा त्या पेठेंतील नागरिकांनीं इ. स. १८६९ सालीं स्वखर्चानें काढली. पुढें पेठेंत मुलेंच उरलीं नाहींत. १९९५ सालीं शाळा मिटली, आणि २००६ पासून त्या इमारतींत 'मांगा' म्हणजे जपानी चित्रकथा यांचें संग्रहालय आहे.

लाकडी जमीन पावलागणिक करकरते. भिंतींस लागून सुमारें ५०,००० पुस्तकें. कोणींहि काढावीं, वाचावीं. शाळकरी पोर आणि पिकल्या केसांचे गृहस्थ एकाच बाकावर वाचीत बसलेले! संस्कृत शिकवितांना आम्हीं बाकाखालच्या किती चित्रकथा जप्त केल्या असतील, याची गणती नाहीं. तेव्हां ओसामु तेझुका यांनीं १९७२ ते १९८३ या काळांत रचलेल्या 'बुद्ध' या चित्रकथेचा पहिला खंड इंग्रजी भाषांतरांत सांपडला, तो आम्हीं उघडला केवळ दोष काढण्याच्या हेतूनें.

आरंभींच बर्फांत कोसळलेला एक वृद्ध. अस्वल त्यास मासा आणून देतें, कोल्हा द्राक्षें देतो. सशास कांहींच मिळत नाहीं, म्हणून तो स्वतःच अग्नींत उडी घेतो. आर्यशूराच्या जातकमालेंतील हें शशजातक आम्हीं मुलांस समास सोडवून सांगितलेलें. पण तेथें शक्र प्रकट होऊन सशाची आकृति चंद्रबिंबावर उमटवितो; येथें ससा जळून जातो, बस्स. आम्हीं चष्मा पुसला.

दोष नाहींत असें नव्हे. थट्टेच्या भरांत कालविपर्यास ठायीं ठायीं आहे, आणि प्रतीत्यसमुत्पादाची सांखळी कोणत्या चौकटींत बसणार? नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर चित्रास उदाहरण साधतें, हेतु साधत नाहीं.

परंतु सिद्धार्थाच्या आधीं येथें कथा चालते ती चाप्रा नांवाच्या दासीपुत्राची. हें पात्र कर्त्याच्या पदरचें. जन्म लपवून हा मुलगा सेनापतीचा दत्तक पुत्र होतो. आई मात्र दासीच. अश्वघोषाच्या नांवावर चालणारी 'वज्रसूची' आम्हीं तरुणपणीं वाचली, तिचे जातिखंडनाचे तर्क पटले, आणि आम्ही ते विसरूनहि गेलों. हीं मायलेकरें कांहीं केल्या दृष्टीआड होईनात.

आमच्या वर्गांत मागच्या बाकावर असाच एक मुलगा होता. त्याच्या हातांतील 'अमर चित्रकथा' हिसकावून घेऊन आम्हीं बजावलें होतें, "चित्रें कसलीं पाहतोस? मूळ वाच!" मूळ ग्रंथ मात्र त्याच्या हातीं आम्हीं कधीं दिला नाहीं. त्यानें आपलें पुस्तक दोनदां मागितलें; तेंहि परत केलें नाहीं.

"अण्णा, बंद व्हायची वेळ झाली," चिरंजीव म्हणाले.

आम्हीं विचारलें, "दुसरा खंड कोणत्या कपाटांत आहे?"