बाबांची ओम्नी

सुट्टी संपवून परत आलो की हाउसमध्ये आठवडाभर एकच विषय असतो. कोणाच्या घरी कोणती नवी गाडी आली, कोणी कोणता गेम संपवला, कोणी कोणती नवी गाणी ऐकली. अशा वेळी मी गप्प बसायचो. आमच्याकडे जुनी ओम्नी आहे. तिच्यात कॅसेट लावायचा टेप आहे. आणि बाबा ती ताशी पन्नासच्या पुढे नेत नाहीत. यात सांगण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. या उन्हाळ्यानंतर मात्र सांगावंसं वाटतं.

माझे बाबा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चालक होते. बंगळूरच्या सेंटरमध्ये ते गाडी शिकले आणि नंतर श्रीनगर-लेह रस्त्यावर कॉन्वॉयमध्ये स्टॅलियन ट्रक चालवायचे. या रस्त्यावर साडेअकरा हजार फुटांवर झोजी ला लागतो. बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता आम्ही पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो, पण त्यांच्या सवयी फौजेतल्याच आहेत. सकाळी गाडी काढण्याआधी फर्स्ट परेड. ऑइल, पाणी, टायरची हवा, ब्रेक, दिवे, सगळं तपासायचं. ओम्नी फक्त गिरणीपर्यंत जाणार असली तरीसुद्धा. घाटात समोरून चढणारी गाडी दिसली की बाबा थांबून तिला वाट देतात. उताराला त्यांचा एकच नियम आहे, "ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर."

लांबच्या प्रवासात त्यांची हॉल्ट परेडही असते. साठ मिनिटांची कॅसेट, तीस मिनिटं एक बाजू, तीस मिनिटं दुसरी. दुसरी बाजू संपली की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, टायर हाताने चाचपायचे, पाणी प्यायचं, दोन चकरा मारायच्या आणि मग पुढे. तोवर आम्ही मागे टाकलेले सगळे ट्रक आम्हाला ओलांडून जातात. मला याचा फार राग यायचा. मी कानात इअरफोन घालून झोपून जायचो.

माझी लहान बहीण मात्र जागी असते. ती आणि बाबा नंबर प्लेटचा खेळ खेळतात. एमएच ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, ५० कराड, केए २२ बेळगाव. जो आधी ओळखेल त्याला एक गुण. फौजी गाडी दिसली तर दोन गुण, पण ती किती साली घेतली तेही सांगावं लागतं. फौजी नंबरात आधी वर तोंड केलेला बाण असतो आणि त्याच्या पुढचे दोन आकडे सालाचे असतात.

माझा आवडता खेळ वेगळा होता. मामाच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे आणि त्यावर रोड रॅश आहे. हा गेम पहिल्यांदा आला १९९१ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. चित्रं आता ओबडधोबड वाटतात, पण मजा कमी होत नाही. मोटरसायकल पळवायची, शेजारच्याला लाथ घालायची, पोलिसांना चुकवायचं. सगळ्यात गंमत म्हणजे गडी कितीही जोरात आपटला तरी उठतो, धावत गाडीकडे जातो आणि पुन्हा सुसाट सुटतो.

मे महिन्यात मामाकडे असताना एका दुपारी मी मामेभावाकडे त्याच्या मोटरसायकलची किल्ली मागितली. "देवळापर्यंत जा आणि लगेच ये," तो म्हणाला. मी हेल्मेट घातलं नाही. देवळाच्या अलीकडे मोठा उतार आहे. पेट्रोल वाचावं म्हणून मामेभाऊ तिथे गाडी न्यूट्रल करतो. मीही केली. गाडी आपोआप पळायला लागली आणि मला वाटलं, आपल्याला येतं की!

वळणावर डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक आजी होती. मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. रस्त्यावर खडी होती. गाडी घसरली, मी घसरलो. आजी बाजूला व्हायला गेली आणि मोळीसकट पडली.

मी उठून धावलो नाही. मला उठताच येत नव्हतं. कोपर आणि गुडघा सोलून निघाला होता. आजी पडल्या जागेवरूनच विचारत होती, "लेकरा, लई लागलं का रं तुला?"

तिचं मनगट मोडलं होतं.

बाबा संध्याकाळी आले. मला वाटलं, मार बसणार. त्यांनी मला हातही लावला नाही. मला घेऊन ते आजीच्या घरी गेले, उंबऱ्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पोरगा माझा आहे, चूक माझी आहे." प्लॅस्टरचे पैसे त्यांनी दिले. मामेभावालाही ते रागावले नाहीत. त्यांनी त्याला फक्त कायदा सांगितला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आजीने तक्रार केली नाही. म्हणून मी सुटलो, असं मला वाटत नाही. सुट्टीचे उरलेले अठरा दिवस मी मामाकडेच राहिलो. रोज सकाळी तिचं पाणी भरलं, सरपण फोडून दिलं. ती एका हाताने चहा करायची आणि मलाच आधी द्यायची. तो चहा घशाखाली उतरायचा नाही.

शाळेत परतताना बाबांनी मला ओम्नीतून पुणे स्टेशनला सोडलं. या वेळी मी इअरफोन घातला नाही. कॅसेटवर रफी आणि लताबाईंची जुनी गाणी होती. ती आईने विविध भारतीवरच्या जयमालेतून उतरवून बाबांना लेहला पाठवली होती. जयमाला म्हणजे फौजी भावांच्या फर्माइशीचा कार्यक्रम. दुसऱ्या बाजूच्या शेवटी गाणं अर्धवट तुटलं आणि माझ्या आजीचा आवाज आला, "झालं का गं बंद?" ती जाऊन पाच वर्षं झाली. इतकी वर्षं मी ते झोपेत घालवलं होतं.

बाबांनी गाडी कडेला घेतली.

"तुम्ही कॅसेट संपल्यावरच का थांबता?" मी विचारलं.

"कॉन्वॉयमध्ये थांबायची वेळ साहेब ठरवायचे. इथे कोण ठरवणार? स्वतः ठरवली तर माणूस म्हणतो, अजून थोडं जाऊ. कॅसेट तसं म्हणत नाही," बाबा म्हणाले.

मग ते टायर चाचपायला खाली उतरले. मीही उतरलो आणि दुसऱ्या बाजूचे दोन टायर पाहिले.

मला अठरा वर्षं पूर्ण व्हायला अजून अडीच वर्षं आहेत. तोपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही, असं मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पण परवा शाळेच्या फाटकातून एक फौजी ट्रक आत आला, तेव्हा मी शेजारच्या ज्युनिअरला त्याच्या नंबरवरून साल कसं ओळखायचं ते सांगितलं. त्याने विचारलं, "तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी म्हणालो, "माझ्या बाबांनी. ते ड्रायव्हर होते."

— कॅडेट, इयत्ता दहावी