पेन्सिलीच्या खुणा

ओरॅकल 7 आलं आणि प्रोसिजर थेट डेटाबेसच्या पोटात राहू लागल्या. काही वर्षांतच तिथे न वापरलेल्या कोडचे थर साचले. ते काढायचे म्हणजे आधी सगळ्या पॅकेजचा प्रिंटआउट. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद टेबलभर पसरायचा. एकानं प्रोसिजरचं नाव वाचायचं, दुसऱ्यानं ती कुठून कुठून बोलावली जाते ते शोधून समासात पेन्सिलीनं खूण करायची. डेटाबेसमधला कोड दाखवणाऱ्या यूझर_सोर्समध्ये नावानं शोधता येई, पण जुन्या कॉमेंटमधली नावंही त्यात भरभरून सापडत. फॉर्म्स आणि रिपोर्ट्स तर वेगळेच उघडावे लागत.

इतकं करूनही ओळ पुसायचा धीर होत नसे. तिच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा देऊन ती बंद करायची, शेजारी तारीख नि आद्याक्षरं लिहायची. पुढे कधी शंका आली की त्या आद्याक्षरांच्या माणसाला गाठायचं. त्या ओळीतला नियम कोणत्या परिपत्रकामुळे आला, कोणत्या शाखेसाठी अपवाद केला, हे तो चहा पिता पिता सांगायचा. मला त्या काळातलं सर्वांत जास्त आठवतं ते हेच. कोड साफ करता करता आम्हाला धंदा कळत गेला.

10जी आवृत्तीपासून कंपायलरच सांगू लागला, की ‘रिटर्न’नंतरच्या या ओळीपर्यंत प्रोग्राम कधी पोचणारच नाही. 11जीमध्ये पीएल/स्कोप हे साधन आलं. कोणतं व्हेरिएबल नुसतंच घोषित करून ठेवलंय, हे एका क्वेरीत दिसतं. ही मोठीच सोय आहे. कंपायलरच्या या सूचना मुळात बंद असतात आणि कित्येक ठिकाणी त्या कोणी चालूच करत नाही, याचं मात्र मला फार वाईट वाटतं. शिवाय आता गिटमध्ये जुनं सगळं राहतं, त्यामुळे ओळ बेधडक पुसता येते.

पण डायनॅमिक एसक्यूएलमध्ये प्रोसिजरचं नाव तुकडे जोडून ऐन वेळी तयार होतं. कोण कोणाला बोलावतं त्या डिपेंडन्सीच्या यादीत ते येत नाही. यादी म्हणते, हिला कोणी बोलावत नाही, आणि तीच प्रोसिजर 31 मार्चच्या रात्री व्याजाचा हिशेब करत असते. म्हणून अशी यादी हाती आली, की नव्या मुलांना मी पहिल्यांदा हिशेब खात्यात पाठवते. तिथल्या जुन्या मंडळींना विचारून या, म्हणते, वर्षातून एकदाच काय काय चालतं.