वंशावळीतले गुन्हेगार

जबलपूरहून कटनीच्या रस्त्याला लागलं की स्लीमनाबाद येतं. ठगांचा बीमोड करणाऱ्या विल्यम स्लीमनचं नाव हे गाव अजून वागवतं आहे. रुमालाने गळा आवळून वाटसरूंना मारणारे होते, पुरलेली प्रेतं उकरून काढली गेली, हे खोटं नाही. खुनी पकडले, याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या पावलाबद्दल आहे. १८३६च्या कायद्याने ठरवलं, की एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप. कोणाला मारलं, कधी, कुठे, हे दाखवायची गरज उरली नाही. पुरावा बहुतेक माफीच्या साक्षीदारांचा. स्लीमनने त्यांच्याकडून ठगांच्या वंशावळी लिहून घेतल्या: बाप, आजा, चुलते, त्यांची पोरं. आपल्याकडे वंशावळ निघते ती वतनासाठी, नाहीतर सोयरिकीसाठी. इथे तिचं आरोपपत्र झालं.

त्याच सुमारास जबलपुरात उद्योगशाळा निघाली. माफीचे साक्षीदार आणि त्यांची मुलं तिथे तंबू शिवत, गालिचे विणत. या मुलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. मागावर बसलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा, सुताची गाठ मारून शेवट सुरीने कापणारा, आणि पाहायला आलेल्या पाहुण्यांची नजर गालिच्यावरून त्याच्या बोटांवर सरकणारी. त्याने कोणाच्या अंगाला बोट लावलेलं नव्हतं. तो ‘ठगाचा मुलगा’ होता आणि पाहणाऱ्यांना तेवढं पुरे होतं.

ठग निदान टोळीने ओळखले जात. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जातीच नोंदवहीत घातल्या. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असं या कायद्यामागचं तर्कट होतं. हजेरी द्या, परवान्याशिवाय गाव सोडू नका. १९११नंतर तो मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. हजेरी चुकली की तोच गुन्हा. ज्याला कामासाठी बाहेर पडू द्यायचं नाही, त्याने जगायचं कसं? आणि पोटासाठी त्याने काही उचललंच, तर ‘पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणायला सगळे मोकळे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरने १९६३ साली मांडलं, की एखादं कृत्य गुन्हेगारी ठरतं ते लोकांनी त्यावर आणि करणाऱ्यावर मारलेल्या शिक्क्यामुळे. आपल्याकडे हे लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त स्वतःच्या घरातून दाखवलं आहे. मला ते पुस्तक जास्त खरं वाटतं, कारण त्यात शिक्का बसलेला माणूस स्वतः बोलतो.

३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि नजर तीच राहिली. आमच्या कॉलनीत गाडीची बॅटरी चोरीला गेली, तेव्हा तक्रार लिहून व्हायच्या आत एकाने मैदानापलीकडच्या पालांकडे बोट दाखवलं. तिथल्या बायका दारोदार झाडू विकतात, आम्ही सगळेच घेतो. ‘त्यांना कोणी पाहिलं का?’ मी विचारलं. ‘पाहायला कशाला हवं, ती माणसंच तशी,’ उत्तर आलं. बोलणारा माणूस सज्जन आहे, अडल्यानडल्याला धावून येणारा आहे. म्हणूनच ते उत्तर मला जास्त लागलं.

३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातीवर बेतलेल्या तरतुदी रद्द केल्या. त्यांत मध्य प्रदेशची १९८७ची नियमावलीही होती. विमुक्त जमातीच्या माणसाला, सरकारला वाटलं तर, सराईत गुन्हेगार धरता येईल अशी सोय तिच्यात होती. ती काही स्लीमनने लिहिली नव्हती. जमाती विमुक्त झाल्यावर पस्तीस वर्षांनी ती आपल्याच माणसांनी लिहिली, आणि सदतीस वर्षं ती आमच्या जबलपूरच्या तुरुंगालाही लागू होती.