बिघाडाची पाठचिकित्सा

पोथीत भ्रष्ट पाठ आढळला, तर तो मूळ कवीच्या माथी मारण्याआधी नेमका कोणत्या नकलेत शिरला हे शोधावे लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीतील अपपाठ दूर केले, हे आम्ही वर्गात शिकवत आलो आहोत. घरच्या संगणकाचा प्रिंटर मुका झाला तेव्हा हीच शिस्त कामी आली.

आत्याबाईंच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या मोठ्या अक्षरांत कागदावर हव्या होत्या. पडद्यावरचे त्यांना वाचवत नाही, आणि त्यांनी तपासल्याखेरीज आमची प्रत प्रमाण कशी मानावी?

संगणकातला मजकूर थेट कागदावर उतरत नाही. ड्रायव्हर त्याला यंत्राच्या भाषेत आणतो, स्पूलर रांगेत उभा करतो, मग तो तारेतून पुढे जातो. आम्ही शेवटच्या टोकापासून मागे निघालो. तार काढलेल्या प्रिंटरने स्वतःचे चाचणीपान स्वच्छ छापले. म्हणजे शाई व यंत्र निर्दोष. तार बदलली, फरक नाही. रांग उघडली, तर एक जुनी अर्धवट फाइल दाराशी अडून बसलेली आणि मागे ओव्या ताटकळत. रद्द करूनही ती हलेना. तेव्हा स्पूलर थांबवला, त्याच्या साठ्यातील फाइली पुसल्या आणि तो पुन्हा सुरू केला.

पाने आली. आत्याबाईंनी भिंगातून तिसरी ओवी वाचली आणि तीच वेगळ्या शब्दाने म्हणून दाखवली. तो पाठभेद आता समासात आहे, पेन्सिलीने लिहिलेला.