तटाच्या आतून

पराभूतांचा इतिहास बहुधा जेत्यांच्या दप्तरात लिहिला जातो. तो पडद्यावर आणणाऱ्याला प्रथम ठरवावे लागते, की कॅमेरा तटाच्या बाहेर उभा करायचा की आत. मॉरिटानियात जन्मलेल्या मेद होंडो यांनी १९८६ साली 'सारौनिया' या चित्रपटात या प्रश्नाचे उत्तर शोधले. १८९९ साली नायजरच्या प्रदेशात फ्रेंच फौजेला सामोरी गेलेली ही राणी. तिची कथा त्यांनी नायजरचेच लेखक अब्दुलाय ममानी यांच्या कादंबरीवरून घेतली. आफ्रिकेचा इतिहास आफ्रिकेच्या तोंडून वदविण्याचा तो प्रयत्न होता.

सारौनियाच्या आधी चार दशके झुंजलेल्या झाशीच्या राणीलाही पडदा लाभला. १९५३ साली सोहराब मोदींनी 'झाँसी की रानी' हा भव्य रंगीत चित्रपट काढला. निर्माता आपला, नायिका आपली. छायालेखनासाठी मात्र 'गॉन विथ द विंड'चे अर्नेस्ट हॉलर आले. व्यवसायात चित्रपट अपयशी ठरला. छायालेखक परदेशी होता, हा काही दोष नव्हे. पण नायिका आपली असली म्हणजे दृष्टीही आपोआप आपली होते, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

तटाच्या आतली दृष्टी झाशीला मराठीत लाभली आहे. द्रव्यार्जनासाठी कोकणातल्या वरसईहून उत्तरेस निघालेले विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. या भिक्षुकाला युद्धशास्त्र ठाऊक नव्हते. त्याला आठवत होती ती जळणारी घरे, लपण्यासाठी जागा शोधणारी माणसे आणि लुटीत नष्ट झालेला ग्रंथसंग्रह. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्याला राणी भेटते, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ. तो पाणी काढून देऊ करतो. त्याच्या विद्वत्तेचा मान राखून ती त्याला थांबवते आणि स्वतःच घागर विहिरीत सोडते.

तलवार उगारलेली राणी शत्रूलाही दिसली होती. सर ह्यू रोजनेही तिच्या शौर्याची वाखाणणी केली होती. घागर ओढणारी राणी पाहिली ती तिच्याबरोबर नगर गमावलेल्या माणसाने. इतिहास आपल्या दृष्टीने सांगणे म्हणजे जेत्याच्या जागी आपला वीर उभा करणे एवढेच नव्हे. ज्यांची घरे जळली, त्यांच्या आठवणीला साक्षीचा दर्जा देणे, हे त्याहून अवघड काम आहे. आणि झाशीपुरते तरी त्याचे साधन मराठी वाचकाच्या कपाटातच आहे.